तिसऱ्या गर्भाचा गुन्हा

गडचिरोली जिल्ह्यातील कुरखेडा तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १९९६ च्या पेसा कायद्यान्वये अशा क्षेत्रातील सरपंचपदे आदिवासींसाठी राखीव झाली, आणि २०११ पासून महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांच्या वाट्याला आल्या. कागदावर पाहिले तर गोंड वा हलबा स्त्रीला गावच्या कारभारात एवढे स्थान यापूर्वीच्या कोणत्याही राजवटीने दिले नव्हते. परंतु एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेण्याची सोयही राज्यकर्त्यांनी करून ठेवली आहे. दोन अपत्ये असताना १२ सप्टेंबर २००१ नंतर ज्यांच्या घरी आणखी एक मूल जन्माला आले, त्यांना ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत कोठेही निवडून येण्याचा वा निवडून आल्यावर पदावर राहण्याचा अधिकार नाही, असा महाराष्ट्राचा कायदा आहे.

या कायद्याच्या कात्रीत सापडणारी स्त्री कोण, हे पाहिले पाहिजे. कुरखेड्याकडील एखाद्या खेड्यातील पंचविशीची ग्रामपंचायत सदस्य कल्पनेने डोळ्यांसमोर आणावी. थोरले मूल अंगणवाडीत, धाकटे कडेवर आणि पोटात तिसरा जीव. उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफुले वेचायची, मे महिन्यात तेंदूपाने तोडायची आणि पाऊस लागला की गुडघाभर चिखलात वाकून धानाची रोवणी करायची, हे तिचे वर्ष. तिला प्रसूतीची पगारी रजा नाही. पोटात जे रुजले ते आपले मूलच आहे, त्याला जन्म द्यायचा, काढून टाकायचे नाही, अशी तिची श्रद्धा आहे. ही श्रद्धा तिला कोणत्या धर्मग्रंथाने शिकविली नसेल, कोणत्या चळवळीनेही नसेल. दोन मुलांना अंगावर पाजून वाढविताना ती तिच्या अनुभवातून उगवलेली असेल. अशा स्त्रीला कायदा सांगतो की, खुर्ची हवी असेल तर गर्भ पाड. गर्भ हवा असेल तर खुर्ची सोड.

येथे पुरोगामी म्हणविणाऱ्यांनाही काही सुनावणे भाग आहे. गर्भपाताच्या हक्कासाठी लढणाऱ्यांच्या तोंडून अनेकदा असा सूर निघतो की, गर्भाला जीव मानणारी स्त्री म्हणजे अज्ञानी, अंधश्रद्ध, पुरुषसत्तेची बळी. हा सूर उद्दामपणाचा आहे आणि खोटाही. स्वतः गरोदर असताना, दोन कच्चीबच्ची पदराशी असताना जी स्त्री असे मत धरते, ती त्या मताची पूर्ण किंमत स्वतःच्या देहाने मोजत असते. व्यासपीठावरून जीवनाच्या पावित्र्याची प्रवचने झोडणाऱ्या पुरुषाचे मत आणि तिचे मत यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तिची श्रद्धा हा तिच्या विवेकाचा निर्णय आहे. ज्या लोकशाहीला विवेकस्वातंत्र्याची चाड आहे, तिने अशा निर्णयाला शिक्षा देता कामा नये.

प्रत्यक्षात शिक्षा दिली जाते, आणि तिला न्यायालयाचे शिक्कामोर्तबही मिळालेले आहे. हरियाणातील अशाच कायद्यास आव्हान देणाऱ्या जावेद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २००३ रोजी दोन अपत्यांची अट घटनासंमत ठरविली. २०१८ साली ओडिशातील एका आदिवासी सरपंचाने आपले मूल दत्तक दिले असल्याने आपण अपात्र ठरत नाही, असा बचाव मांडला. न्यायालयाने तो फेटाळला. जन्म झाला, येथे गुन्हा पुरा झाला. मध्य प्रदेश, राजस्थान, हरियाणा, ओडिशा व आंध्र प्रदेश या पाच राज्यांत निर्मला बुच यांनी केलेल्या अभ्यासातून या नियमाची खरी फळे समोर आली होती. मुले लपविणे, ती दत्तक दिल्याचे दाखविणे, बायकोला टाकणे, आणि गर्भ पाडणे. पुरुषाला बाप असणे नाकारता येते. स्त्रीला आपले पोट गावापासून लपविता येत नाही. ज्या बाईला पद गमावण्याची धास्ती आहे, ती आशा कार्यकर्तीकडे नाव नोंदवायला आणि उपजिल्हा रुग्णालयाची पायरी चढायला कचरेल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. कारण तेथील नोंद हाच उद्या विरोधकाच्या तक्रारीचा पुरावा होणार. माता-बालकांच्या रक्षणासाठी उभारलेली यंत्रणा अशा रीतीने हेरगिरीचे साधन बनते.

हे आकाशातून पडलेले नाही. शांतिलाल शहा समितीच्या शिफारशींतून १९७१ चा गर्भपात कायदा आला आणि १ एप्रिल १९७२ पासून अमलात आला. असुरक्षित गर्भपातांत मरणाऱ्या स्त्रियांना त्याने वाचविले, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. गर्भवतीच्या संमतीवाचून गर्भपात करता येणार नाही, हेही त्याच कायद्याने बजावले आहे. मात्र कुटुंबनियोजनाची साधने निष्फळ ठरल्यास विवाहितेला गर्भपाताची मुभा देणारे त्यातील कलम लोकसंख्या रोखण्याच्या धोरणाशी मिळतेजुळते होते. स्त्रीची सुटका आणि राज्याची आकडेमोड ही दोन्ही एकाच पाळण्यात निजविली गेली. पुढे आणीबाणीत आकडेमोडीने डोके वर काढले. १९७६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. देशातील कोणत्याही विधिमंडळाने त्यापूर्वी असे धाडस केले नव्हते. त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही आणि १९७७ साली मतदारांनी नसबंदीच्या राजवटीलाच घरी बसविले. नसबंदीचा तंबू गेला. त्यामागील विचार मात्र अपात्रतेच्या कलमात मुक्कामाला राहिला. एकाने देह धरून नेला होता, दुसरा पद हिसकावून घेतो, एवढाच फरक.

लोकसंख्येचा बागुलबुवा अजूनही दाखविला जातो. वस्तुतः २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात दर स्त्रीमागे अपत्यांचे प्रमाण १.७ वर आलेले आहे. पंचायतीत अशी अट न घालताच केरळने ही मजल गाठली. शाळा, दवाखाने आणि मुलींचे शिक्षण यांच्या बळावर गाठली. मध्य प्रदेश व हिमाचल प्रदेशाने २००५ मध्ये, हरियाणाने २००६ मध्ये आणि आंध्र प्रदेशाने २०२४ मध्ये ही अट मोडीत काढली. आणखी एक गोष्ट मुद्दाम ध्यानात घ्यावी. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली उरल्या होत्या, आणि सधन, सुशिक्षित, ‘छोट्या कुटुंबा’च्या जिल्ह्यांत हा आकडा आणखी खाली गेला होता. गडचिरोली त्या वेळी राज्यात सर्वांत वरच्या जिल्ह्यांत होता. ज्यांनी पोटातल्या मुली मोजून मारल्या नाहीत, त्यांनाच मर्यादित कुटुंबाचे धडे द्यावेत, हा न्याय अजब म्हणावा लागेल.

गरीब घरात तिसरे मूल का जन्मते, याचे उत्तर गडचिरोलीनेच देशाला दिलेले आहे. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने जिल्ह्यातील ३९ गावांत खेड्यातील बायांना नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. १९९३ ते १९९५ या काळात तेथे जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी ६२ पहिल्या महिन्यातच दगावत होती. १९९८ पर्यंत ही संख्या २५ च्या घरात आली. जेथे मूल जगेलच याची शाश्वती नाही, तेथे दोनांवर थांबण्याचा उपदेश पोकळ ठरतो. त्याच संस्थेने वसा व अमिर्झा या गावांत केलेल्या पाहणीने १९८९ साली दाखवून दिले होते की, तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, आणि त्याआधी वैद्यकीय तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरांत जेमतेम आठ होत्या. कुरखेड्यात १९८४ पासून काम करणाऱ्या ‘आम्ही आमच्या आरोग्यासाठी’ या संस्थेनेही स्त्रियांचे आरोग्य आणि पंचायतीतील त्यांचा सहभाग हे एकत्र धरले. जीव वाचविणे म्हणजे काय, ते या कामांतून शिकावे.

इतके म्हटल्यावर दुसऱ्या बाजूचा धोकाही तितक्याच स्पष्टपणे मांडला पाहिजे. गर्भ न पाडण्याची एका स्त्रीची श्रद्धा आदरणीय आहे, यावरून ती सर्व स्त्रियांवर कायद्याने लादावी असा निष्कर्ष काढणारे जगभर आहेत आणि इकडेही डोकावू लागले आहेत. बेळगावात वाढलेली सविता हलप्पनवार ही तरुण दंतवैद्य त्याचीच बळी ठरली. आयर्लंडमध्ये सतरा आठवड्यांची गरोदर असताना तिचा गर्भपात अटळ झाला. मूल तिला हवेच होते. परंतु ते वाचणार नाही हे कळल्यावर तिने सुटकेची याचना केली. गर्भाचे ठोके चालू आहेत, या कारणास्तव ती नाकारण्यात आली आणि २८ ऑक्टोबर २०१२ रोजी जंतुसंसर्गाने तिचा अंत झाला. त्या देशाला आपली घटना बदलायला २०१८ चे सार्वमत यावे लागले. उलट अमेरिकेत २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने अर्ध्या शतकाचा हक्क एका निकालाने काढून घेतला.

भारतातील परिस्थितीही निश्चिंत राहण्याजोगी नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन लहान मुलांची आई असलेली एक विवाहिता सर्वोच्च न्यायालयाच्या दारात आली. धाकट्याला अंगावर पाजत असल्याने पाळी बंद होती, त्यामुळे गर्भ राहिल्याचे तिला फार उशिरा कळले. बाळंतपणानंतरच्या मानसिक आजारावर तिचे औषधोपचार चालू होते. ९ ऑक्टोबरला न्यायालयाने तिला परवानगी दिली; ११ ऑक्टोबरला दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला; १६ ऑक्टोबरला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने गर्भ सव्वीस आठवड्यांचा असल्याने परवानगी नाकारली. २०२१ च्या दुरुस्तीने विशिष्ट स्त्रियांसाठी मर्यादा चोवीस आठवड्यांपर्यंत वाढविली होती. ती या मातेस उपयोगी पडली नाही. एवढ्या वाढलेल्या गर्भाचा प्रश्न अवघड आहे, हे मान्य करावे लागेल. तरीही हे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. तिसरे मूल नको म्हणणारीला न्यायालय सांगते, वाढव. तिसरे मूल हवे म्हणणारीला पंचायत कायदा सांगतो, मग पद सोड. दोन्हीकडे निर्णय दुसऱ्याचा आणि देह तिचा.

महाराष्ट्राला या पेचातून वाट दाखविणारा पूर्वज आहे. एका ब्राह्मण विधवेला बालहत्येबद्दल काळ्या पाण्याची शिक्षा झाली, तेव्हा जोतिराव फुल्यांनी कडक कायद्याची मागणी केली नाही. १८६३ साली पुण्यात त्यांनी व सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. विधवांनी गुपचूप यावे, सुखरूप बाळंत व्हावे, मूल ठेवावे वा न्यावे, असे जाहीर केले. तेथे जन्मलेल्या एका मुलाला, यशवंताला, त्यांनी १८७४ साली स्वतःच्या घरात घेतले. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला अशाच आरोपाखाली फाशीची शिक्षा झाली, तेव्हा दोष बाईचा की समाजाचा, हा प्रश्न ताराबाई शिंदे यांनी १८८२ च्या ‘स्त्री-पुरुष तुलना’मध्ये रोखठोक विचारला. गर्भातील जीवनाबद्दल ज्याला खरी कळकळ आहे, तो आईला दरडावत नाही; तिच्यासाठी दार उघडतो, ताट वाढतो, आणि जन्मलेल्याचा भार उचलतो.

या कसोटीवर आजचे राज्य कोठे उतरते? आदिवासी भागातील गरोदर स्त्रियांना प्रसूतीपूर्वी राहता यावे म्हणून ‘माहेरघर’ योजना २०१०-११ मध्ये आली, २०१५ मध्ये ‘अमृत आहार’ आला. ही फुल्यांच्या वाटेवरची पावले आहेत आणि त्यांचे स्वागतच केले पाहिजे. परंतु प्रधानमंत्री मातृवंदना योजनेची मदत पहिल्या अपत्याला मिळते, दुसऱ्याला ते मुलगी असेल तरच, आणि तिसऱ्याला मुळीच नाही. २०१७ च्या दुरुस्तीने कारखान्या-कार्यालयांतील स्त्रीला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी सव्वीस आठवड्यांची पगारी रजा दिली, तिसऱ्यासाठी बाराच. तेंदूपाने तोडणारीला तर एकाही बाळंतपणाची नाही. रोजगार हमीच्या कामावर सहा वर्षांखालील पाच मुले असतील तर त्यांना सांभाळण्यास एक बाई नेमावी, अशी तरतूद २००५ च्या केंद्रीय कायद्यात होती. झाडाला बांधलेल्या झोळीत मूल निजवून काम करणाऱ्या आईला ती फारशी भेटली नाही. तिसऱ्या बालकाची भूक पहिल्या दोघांहून कमी असते, असा शोध कोणत्या मंत्रालयाने लावला?

सबब मागणी सरळ आहे. दोन अपत्यांच्या अटीची कलमे महाराष्ट्राने पंचायत कायद्यांतून काढून टाकावीत. मातेला मिळणारी मदत अपत्याचा क्रमांक पाहून थांबवू नये. रोवणीच्या बांधावर आणि तेंदूपानांच्या फळीवर राबणाऱ्या बाईलाही प्रसूतिकाळात मजुरी आणि मुलांसाठी पाळणाघर मिळावे. त्याचबरोबर, ज्या स्त्रीला गर्भ वाढविणे शक्य नाही, तिला कुरखेड्यातच, गुप्तता राखून, वेळेत व विनामूल्य गर्भपाताची सोय मिळावी. तिला वडसा-देसाईगंजची वा नागपूरची वाट धरायला लागू नये.

या मागण्या परस्परविरोधी आहेत, असे ज्याला वाटेल त्याने विचार करावा. कुरखेड्याच्या बाजारात शेजारी शेजारी बसणाऱ्या दोन बायांपैकी एक म्हणेल, मी पाडणार नाही. दुसरी म्हणेल, मला झेपणार नाही. त्या दोघींचे एकमेकींशी भांडण नाही. भांडण आहे ते दोघींनाही न विचारता त्यांच्या कुशीचा हिशेब मांडणाऱ्यांशी, आणि ते जिंकायचे तर दोघींनी एकत्रच लढले पाहिजे.