अम्मांचं डोंगरावरचं घर

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात अम्मांचा फोन येतो. सलाम-दुआ होते, नातवंडांची चौकशी होते आणि मग त्या म्हणतात, "दुल्हन, लिहून घे." माझ्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली, तरी सासूबाईंसाठी मी अजून 'दुल्हन'च आहे. मी कागद-पेन घेऊन बसते. मीठ पाच किलो. काड्यापेट्यांची दोन पुडकी. गूळ, चहापत्ती, तूरडाळ. सुकट आणि बोंबील. टॉर्चचे सेल. वीस हात प्लास्टिकचा कागद आणि सुतळी. रक्तदाबाच्या गोळ्या, चार महिन्यांच्या. ही पावसाची बेगमी. मिरग लागायच्या आत ती वर पोहोचलीच पाहिजे.

आमचं गावचं घर पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यातल्या एका वाडीत आहे. आम्ही राहतो सांगलीत. माझं माहेर मात्र आटपाडीचं. तिकडे वर्षाकाठी जेमतेम चारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही आर्जवं करून घेतल्यासारखा. लहानपणी पाऊस आला की आम्ही अंगणात नाचायचो. लग्नानंतर पहिल्या जुलैत वाडीवर गेले आणि दहाव्या दिवशी चुलीपुढे बसून रडले. दहा दिवसांत मी सूर्य पाहिला नव्हता.

डोंगरातल्या पावसाला थेंब नसतात, असं मला तेव्हा वाटलं. धुकं दारातून आत येतं आणि चुलीच्या धुरात मिसळतं. भिंती मातीच्या, पश्चिमेचा मारा त्यांना सोसत नाही, म्हणून त्या अंगाला गवताच्या झडी बांधतात. घर कांबळं पांघरून बसल्यासारखं दिसतं. आत दिवसाही अंधार. कपडे चुलीवरच्या बांबूवर वाळतात आणि चार महिने सगळ्यांच्या अंगाला धुराचा वास येतो. मिठाला पाणी सुटतं. काड्यापेटी तांदळाच्या डब्यात ठेवावी लागते. वीज गेली की चार-चार दिवस येत नाही. चूल मात्र विझू द्यायची नाही. तिच्या वैलावर तपेलं कायम असतं; फजरच्या वुजूला कोमट पाणी तिथूनच मिळतं. जेवायला नाचणीची भाकरी, हुलग्याचं माडगं, आणि बांधावरची भारंगी नाहीतर कुर्डू. बाहेर बायका पाठीवर इरली घेऊन वाकून भाताची लावणी करत असतात. आता इरल्यांच्या जागी प्लास्टिकच्या खोळी आल्या आहेत, वाकणं तेवढंच राहिलंय.

हिवाळा वाडीवर सगळ्यात गोड. भात-नाचणी घरात आलेली असते, सकाळी गवतावर दहिवर असतं, आणि आकाश इतकं स्वच्छ की तारे कौलांवर टेकल्यासारखे वाटतात. पण फेब्रुवारी सरला की वरच्या झऱ्याची धार करंगळीएवढी होते. एप्रिलमध्ये बायका हंडे घेऊन झऱ्यापाशी रांग लावतात. हे पाहून मी पहिल्यांदा चक्रावले. माझ्या माहेरी पाऊस नाही म्हणून रांग, इथे एवढा पाऊस असून रांग! अम्मांनी समजावलं होतं, "पानी आमच्यावर पडतं, ऱ्हातं दुसऱ्याकडं." खरंच आहे. उतार तीव्र, खाली काळा कातळ; पाणी मुरायला थांबतच नाही. आमच्या पन्हळीतून गेलेला थेंब ओढ्यात, ओढा कोयनेत, कोयना कराडला कृष्णेत आणि कृष्णा सांगलीत. हे पाणी किती सरळ आमच्या दाराशी येतं, ते पुढे कळायचं होतं.

अम्मा दोन पंचांगं सांभाळतात. रोजे, ईद, मोहर्रम चंद्रावर. शेती आणि पाऊस नक्षत्रांवर. मृगाला मिरग, पुनर्वसूला तरणा पाऊस, पुष्याला म्हातारा पाऊस, आश्लेषाला आसळका. वाडीवर हिंदू-मुसलमान सगळ्यांची पावसाची भाषा हीच. चंद्राचं वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे रमजान तेहतीसेक वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. अम्मांनी बहात्तर वर्षांत तो दोनदा फिरलेला पाहिला आहे. पावसाळ्यातल्या ईदचा चाँद वाडीवरून कधी दिसत नाही. तो खालून, कुणाच्या तरी निरोपानं येतो. त्या हसून म्हणतात, "चाँद बी आमच्याकडं यष्टीनं येतो."

११ डिसेंबर १९६७ ची पहाटही त्यांच्या या चंद्राच्या पंचांगात आहे. रमजान लागून आठवडा झाला होता. अम्मा तेव्हा चौदा वर्षांच्या, माहेरी होत्या. त्यांची आई सहरीसाठी चूल पेटवत होती. चार वाजून वीस मिनिटांच्या सुमाराला जमीन हलली. सगळं घर जागं होतं, म्हणून सगळे बाहेर पडले. मागे भिंत कोसळली. कोयनानगरच्या त्या भूकंपात कितीतरी माणसं झोपेतच गेली. अम्मांचा डोंगरावर विश्वास आहे, पण तो आंधळा नाही. त्याचं मूळ त्या पहाटेत आहे.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं, ते सांगते.

२०१९ च्या जुलैत आम्ही सगळ्यांनी अम्मांच्या मागे लकडा लावला. वय झालं, एकट्या आहात, पाऊस वाईट आहे, सांगलीला चला. त्या नको नको म्हणत असताना ह्यांनी त्यांना गाडीत बसवलं. ऑगस्ट उजाडला आणि आसळका लागला. आयर्विन पुलावर चाळीस फूट ही इशारा पातळी, पंचेचाळीस ही धोका पातळी. सांगलीकर हे आकडे पाढ्यासारखे म्हणतात. त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेलं. आमच्या गल्लीत ते रात्री शिरलं. अंधारात अम्मांना खुर्चीवर बसवून दोघांनी उचललं, आणि आम्ही मिरजेत एका नातेवाइकांच्या वरच्या मजल्यावर गेलो. १२ ऑगस्टला बकरी ईद होती. ह्यांनी ईदची नमाज दुसऱ्याच्या कपड्यांत पढली. अम्मा खिडकीतून बाहेर पाहत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "मला पाण्यापासून वाचवाय आनलंत, आन पानी माझ्या मागं मागं आलं."

त्या हिवाळ्यात त्या वाडीवर परतल्या, आणि पुन्हा 'चला' म्हणायचं तोंड आम्हाला राहिलं नाही.

मग २०२१. कोरोनाचे निर्बंध होते, आम्हाला वर जाता आलं नाही. बकरी ईद २१ जुलैला आली. म्हातारा पाऊस चालू होता. ईदला फोनवर अम्मांचा आवाज नीट येत नव्हता. दुसऱ्या दिवशी फोन लागायचाच बंद झाला. २३ तारखेच्या सकाळी कळलं की महाबळेश्वरला चोवीस तासांत जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस झाला. माझ्या माहेरचा वर्षाचा पाऊस, एका दिवसात. त्यापाठोपाठ टीव्हीवर नावं येऊ लागली: आंबेघर, मीरगाव, ढोकावळे. आमच्याच तालुक्यातली गावं. रात्री दरडी कोसळल्या होत्या, घरंच्या घरं माणसांसकट गाडली गेली होती. इकडे सांगलीत पाणी पुन्हा चढत होतं. एका हातानं मी सामान माळ्यावर टाकत होते, दुसऱ्या हातानं फोन लावत होते. ते तीन दिवस मी कसे काढले, ते लिहिता येणार नाही.

चौथ्या दिवशी अनोळखी नंबरवरून फोन आला. "दुल्हन, मी शाळंत हाय. गोळ्या संपत आल्यात, बाकी शुक्र हाय."

झालं होतं असं. २२ तारखेला दुपारी पाऊस धो धो पडत असताना घरामागच्या ओढ्याचा आवाज कमी झाला. पाऊस वाढतोय आणि ओढा गप्प होतोय, हे अम्मांना पटेना. दारात येऊन पाहिलं तर होतं तेवढं पाणी लाल, गढूळ, त्यात मुळ्या आणि माती. याचा अर्थ वर कुठेतरी माती घसरून पाणी अडलं होतं, आणि अडलेलं पाणी कधीतरी सुटणार होतं. त्यांनी शेजारच्या घरात हाक घातली. गोठ्यातली दावी सोडली. असरच्या सुमाराला वाडीतली सगळी घरं रिकामी करून माणसं खालच्या गावातल्या शाळेत गेली. अम्मांनी बरोबर गोळ्या, टॉर्च आणि कागदपत्रांची पिशवी घेतली होती. कुलूप लावायला थांबल्या नाहीत. रात्री लोंढा आला. आमच्या गोठ्याची मागची भिंत आत आली, परड्यातला फणस गेला. राहतं घर वाचलं, आणि वाडीतलं माणूस न् माणूस वाचलं.

पाणी ओसरल्यावर घरात बैठक बसली. दीर म्हणाले, घर बंद करू. ह्यांनीही मान डोलावली. अम्मांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बंद करून कुठं जायचं? सांगलीला?" कुणाकडे उत्तर नव्हतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. 'अम्मा, आमच्याकडे या' असं आपण म्हणतो, तेव्हा त्यात माया असतेच. पण आपल्या जिवाला घोर नको, ही सोयही असते. २०१९ मध्ये आम्ही अम्मांना एकदाही विचारलं नव्हतं की, तुम्हाला कशाची भीती वाटते आणि कशाची नाही. ज्या बाईनं ओढ्याच्या आवाजावरून वाडी रिकामी केली, तिला आम्ही सामानासारखं उचलून पुराच्या तोंडी नेऊन ठेवलं होतं.

पण तिच्याच भरवशावर सोडून द्यावं, हेही खरं नाही. दरड माणसाची परहेजगारी बघून कोसळत नाही, आणि रात्रीच्या झोपेत ओढा ऐकू येत नाही. म्हणून आम्ही एक ठरवलं, आणि ते अम्मांनीही मानलं. तरणा पाऊस लागल्यापासून आसळका सरेपर्यंत, म्हणजे जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, त्या रात्री खालच्या गावात सपाटीवरच्या नात्यातल्या घरी झोपतात. दिवसा उघडीप असली तर वर येऊन चूल पेटवतात. लाल इशारा असेल त्या दिवशी वर जायचंच नाही. मे महिन्यात आम्ही दोघं बेगमी घेऊन जातो तेव्हा दोन दिवस राहतो. घरामागचा चर उपसून साफ करतो, म्हणजे डोंगराचं पाणी भिंतीला न लागता बाजूनं जाईल. झडी बांधून देतो. महिनाभराच्या गोळ्या खालच्या घरी वेगळ्या ठेवतो.

तुमचंही कुणी असं डोंगराच्या कुशीत राहत असेल, तर फोनवर 'काळजी घ्या' म्हणून ठेवू नका. विचारा: घरामागच्या जमिनीला नवी भेग पडली आहे का? झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालंय का? दार-खिडकी अचानक अडकायला लागली आहे का? उतारावरची झाडं किंवा खांब कलले आहेत का? यातलं एकही 'हो' आलं, तर पाऊस थांबायची वाट न बघता तिथून निघायचं. कुठे जायचं ते मात्र उन्हाळ्यातच ठरलेलं हवं.

अम्मा आता त्र्याहत्तराव्या वर्षात आहेत. पावसाळ्यात रोज असरनंतर आमचा फोन होतो, आणि तो फार लांबत नाही.

"ओढा कसाय, अम्मा?"

"वाजतोय. तुमचा पूल किती?"

"एकतीस फूट."

"मग ठीक हाय," त्या म्हणतात, आणि खाली जायची तयारी करतात.