जुना लॅपटॉप आणि अडलेले वायफाय

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार थांबविला. विंडोज ११ साठी लागणारी सुरक्षाव्यवस्था आणि नव्या पिढीचा प्रोसेसर ज्यांच्यात नाही, असे असंख्य लॅपटॉप त्या दिवशी एकाएकी जुने ठरले. पेढीवर, गोदामात किंवा घराच्या कपाटात असे एखादे यंत्र बहुधा असतेच. पडदा स्वच्छ, कळफलक धड, कामाला समर्थ. तरी भंगाराच्या वाटेवर. त्यावर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली बसवून ते आणखी काही वर्षे वापरता येते, आणि घरातील कॉलेजात जाणारी मुले हे काम एका दुपारीत उरकतात. मग पडदा उजळतो, मराठी अक्षरे उमटतात, आवाजही येतो. फक्त वायफायची यादी रिकामी राहते. येथेच पुष्कळजण हात टेकतात.

वास्तविक चिप बिघडलेली नसते. प्रणाली आणि चिप यांच्यामध्ये ड्रायव्हर नावाचा एक दुभाष्या लागतो. चिपला कोणत्या क्रमाने काय सांगावे, हे तोच जाणतो. विंडोजसाठी हा दुभाष्या कंपनी स्वतः देते. लिनक्ससाठी अनेक कंपन्यांनी वर्षानुवर्षे तो दिला नाही आणि चिपची भाषाही कोणाला सांगितली नाही. ग्राहकाने पूर्ण दाम मोजून घेतलेल्या वस्तूची किल्ली विक्रेत्याने आपल्याकडेच ठेवावी, असा हा प्रकार आहे. व्यापारात असा व्यवहार कोणी सरळ मानणार नाही.

ब्रॉडकॉम या अमेरिकी कंपनीच्या चिपा याचे ठळक उदाहरण होत. काही प्रोग्रामरांनी त्यांचे कोडे बाहेरून सोडविले, आणि त्यात सचोटीची एक शिस्त पाळली. एका गटाने कंपनीचा ड्रायव्हर तपासून चिप कशी चालते याचे केवळ वर्णन लिहिले. दुसऱ्या गटाने मूळ ड्रायव्हर न पाहता, त्या वर्णनावरून सर्वस्वी नवा ड्रायव्हर रचला. नक्कल केल्याचा ठपका येऊ नये म्हणून ही भिंत मुद्दाम उभारली होती. २००६ साली हा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाला आणि २००८ च्या आरंभी त्याची सुधारलेली आवृत्ती ‘बी-४३’ या नावाने आली. लॅरी फिंगर हे या कामातील एक प्रमुख नाव. २००५ पासून त्यांनी ब्रॉडकॉमच्या आणि पुढे रियलटेकच्या वायफाय ड्रायव्हरांची निगा राखली. २०२४ च्या जूनमध्ये त्यांचे निधन झाले. ज्यांचे लॅपटॉप त्यांच्या श्रमांमुळे चालू राहिले, त्यांतील बहुतेकांना त्यांचे नावही ठाऊक नसेल.

ड्रायव्हर मिळाला तरी एक अडसर उरतो, तो फर्मवेअरचा. चिपच्या पोटात स्वतःचा एक छोटा प्रोसेसर असतो आणि यंत्र सुरू होताना त्याला त्याचे सूचनापत्र वाचून द्यावे लागते. ते कंपनीच्या मालकीचे असल्याने परवानगीविना वाटता येत नाही. म्हणून बी-४३ वापरणाऱ्यास कंपनीच्या ड्रायव्हरमधून तेवढा भाग कापून घेणारे एक साधन वापरावे लागते. डेबियनसारखी तत्त्वनिष्ठ संस्था तर बंदिस्त फर्मवेअर आपल्या अधिकृत संचात घेतच नसे. २०२२ मध्ये सभासदांचे मतदान झाले आणि २०२३ च्या आवृत्तीपासून तिने ते घेतले. तत्त्वाला थोडी मुरड पडली खरी. पण ज्या यंत्रास जाळ्याशी जोडताच येत नाही, त्याचे स्वातंत्र्य तरी काय कामाचे?

प्रत्यक्ष दुरुस्तीत पहिली गोष्ट अगदी क्षुल्लक आहे. काही जुन्या लॅपटॉपांच्या कडेला वायफाय बंद-चालू करण्याची लहानशी पट्टी असते. ती बंद राहिल्याने तासन्‌तास वाया गेल्याची उदाहरणे कमी नाहीत. त्यानंतर चिपचे खरे नाव शोधावे. लॅपटॉपवरील नाव येथे निरुपयोगी, कारण एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या चिपा बसविलेल्या आढळतात. ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा दिली की आतील प्रत्येक भागाची नोंद पडद्यावर येते, आणि तिला ‘एनएन’ ही पुस्ती जोडली की उत्पादकाचा क्रमांकही दिसतो. इंटेलचा क्रमांक ८०८६ आहे. १९७८ साली गाजलेल्या आपल्या प्रोसेसरचाच आकडा त्या कंपनीने येथेही मिरविला आहे.

आता पेच असा की, इंटरनेट सुरू करण्यासाठी लागणारे साहित्य इंटरनेटवरच असते. त्यावर उपाय खिशातच आहे. अँड्रॉइड फोन केबलने लॅपटॉपला जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू केले की लिनक्स त्याला तारेचे जोडण समजते. मग उबुंटूमध्ये ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’ किंवा मिंटमध्ये ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडावे. योग्य ड्रायव्हर बहुधा तेथेच सुचविलेला असतो. ब्रॉडकॉमचा स्वतःचा ‘डब्ल्यूएल’ ड्रायव्हरही तेथे दिसेल. तो चालतो, पण कंपनीने २०१५ नंतर त्याकडे पाहिलेले नाही. प्रणालीचा गाभा अद्ययावत झाला की तो अधूनमधून रुसतो. बी-४३ वर भागत असेल तर तोच पत्करलेला बरा.

एवढे करूनही यश न आल्यास हट्ट सोडावा. आतील वायफाय कार्ड बदलता येते. मात्र काही कंपन्यांचे लॅपटॉप स्वतःच्या यादीबाहेरील कार्ड दिसताच सुरू होण्यास नकार देतात. त्यापेक्षा काही शे रुपयांचा यूएसबी ॲडॉप्टर सोयीचा. तो घेताना वेष्टनावरील ‘लिनक्स’ या शब्दावर विसंबू नये. त्याच नावाच्या पुढील आवृत्तीत चिप गुपचूप बदललेली असू शकते, म्हणून आतील चिपचे नाव व आवृत्तीचा आकडा विचारूनच पैसे मोजावेत.

पेढीच्या दृष्टीने एक मर्यादा आधीच जाणून घ्यावी. टॅली विंडोजवर चालते. त्यामुळे मुख्य हिशेबाचे यंत्र या प्रयोगात ओढू नये. पत्रव्यवहार, भाव पाहणे, मुलांचा अभ्यास, वडीलधाऱ्यांची व्हिडिओ-भेट यांस जुने यंत्र पुरेसे आहे. डिजिटल सहीचे टोकन वापरून विवरणपत्र भरायचे असल्यास मात्र आधी त्याची चाचणी घ्यावी, आणि तीही अंतिम तारखेच्या आदल्या रात्री नव्हे. प्रणाली बदलण्यापूर्वी जुन्या डिस्कवरील खातेवह्यांची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेऊन, ती उघडते याची खात्री करूनच पुढील पाऊल टाकावे.