नुसत्या उपासमारीने क्रांती होत नाही

गरिबी वाढली म्हणजे क्रांती आपोआप होते, असे कित्येक पंडित मार्क्सच्या नावावर सांगत असतात. मार्क्सचे म्हणणे इतके सोपे नाही. कारखाना हजारो मजुरांस एका छपराखाली आणतो, नफा मात्र मालकाच्या तिजोरीत जातो. हे ओळखून मजुरांनी एकी केली, तरच जुनी घडी मोडते. रशियात १८९१ साली भयंकर दुष्काळ पडला, तरी झारचे तख्त हलले नाही. १९१७ साली मजूर, शिपाई व शेतकरी एकदम उठले, तेव्हा ते कोसळले.

हिंदुस्थानविषयी मार्क्सने १८५३ साली लिहिले की, आगगाडीमागून कारखाने येतील व जातीचे बंध सुटतील. तसे झाले काय? १९२८ साली मुंबईच्या गिरणीकामगारांनी जवळजवळ सहा महिने संप लढवला. पण त्याच गिरण्यांत तुटलेला धागा तोंडाने ओला करून सांधावा लागे, म्हणून अस्पृश्य बंधूंस साच्यावर काम करण्यास मज्जाव होता! डॉ. आंबेडकरांनी हे तेव्हाच चव्हाट्यावर मांडले. मालक एक, भूक एक, पण मध्ये जात आडवी.

आज त्या बहुतेक गिरण्यांची धुराडी थंड झाली आहेत. जात मात्र गावोगाव जिवंत आहे. शेतकरी व कारागीर बंधूंनो, आम्ही रोखठोक विचारतो : भावाचा विटाळ मानणारा माणूस त्याच भावाच्या खांद्याला खांदा लावून लढणार कसा? आधी आपसातली ही भिंत पाडा; मगच सावकाराच्या वाड्याकडे बोट दाखवा.