स्वतंत्र अभियंता कुणापासून स्वतंत्र?

कर्जत तालुक्यातील मिरजगाव हे नगर-सोलापूर महामार्गावरचे गाव. अशा गावाजवळून मोठा रस्ता जातो तेव्हा गटार, सेवा रस्ता, ओलांडण्याची सोय हे सारे नकाशात असते. जमिनीवर ते उतरले नाही, तर पावसाचे पाणी प्रथम शिरते ते वेशीबाहेरच्या वस्तीत. मग नकाशातले काम जमिनीवर झाले की नाही, हे तपासायचे कोणी?

खासगी कंपनीने रस्ता बांधायचा आणि टोलमधून पैसा वसूल करायचा, या पद्धतीत त्याचे उत्तर 'स्वतंत्र अभियंता' असे दिले जाते. हा अभियंता म्हणजे बहुधा एखादी सल्लागार कंपनीच. आराखडे तपासणे, दरमहा पाहणी करणे, चाचण्या घेणे हे तिचे काम. तिने पूर्णत्वाचा दाखला दिला की टोल सुरू होतो. रस्त्याची 75 टक्के लांबी पूर्ण झाली, तरी तात्पुरता दाखला देता येतो. म्हणजे जनतेच्या खिशाची किल्लीच या सहीत आहे!

आता गंमत पहा. केंद्राच्या आदर्श टोल करारनाम्यानुसार या अभियंत्याचे मानधन प्राधिकरण देते आणि त्यातील निम्मी रक्कम ठेकेदार कंपनीकडून भरून घेते. नेमणूक सरकारची, अर्धा खर्च कंपनीचा. आणि ज्याच्या दारावरून रस्ता जातो त्या माणसाला यात स्थान कुठेच नाही. मग हा अभियंता स्वतंत्र तरी कुणापासून?

कोल्हापूर विसरता येणार नाही. तेथे सुमारे 220 कोटींच्या, 49 किलोमीटर शहरी रस्त्यांच्या बदल्यात 30 वर्षांचा टोल लादला गेला. कामे अपुरी असताना टोल कशाचा, असे विचारत जनता रस्त्यावर उतरली. झालेल्या कामाचे मूल्यांकन सरकारला नव्याने करावे लागले आणि 2016 साली टोल कायमचा गेला. दाखल्यावर लोकांचा विश्वास असता, तर एवढी वर्षे लढावे लागले नसते.

संविधान कितीही चांगले असले, तरी ते राबविणारे वाईट निघाले तर ते वाईटच ठरेल, असा इशारा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत दिला होता. जे संविधानाला लागू, ते करारनाम्यालाही लागू आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. स्वतंत्र अभियंत्याचा मासिक अहवाल मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे. 2005 चा माहिती अधिकार कायदा माहिती स्वतःहून जाहीर करा असेच सांगतो. अर्ज करायला लावू नका. पूर्णत्वाच्या दाखल्यापूर्वी ग्रामसभेत जाहीर सुनावणी व्हावी आणि ती दलित वस्तीतही व्हावी. रस्ता कंपनीचा नाही, सरकारचाही नाही. तो जनतेचा आहे. मिरजगावच्या माणसाला टोल भरण्याचे कर्तव्य असेल, तर काम तपासण्याचा हक्कही त्याचाच आहे!