‘कोणी नाही’ नावाचा माणूस

दिवाळी अंकासाठी काही तरी खुसखुशीत लिहा, अशी संपादकांची दर वर्षीची आज्ञा असते. चकलीच्या अंगी जो गुण हवा तोच लेखाच्याही अंगी हवा, असे त्यांचे मत. यंदाही मी त्याच तयारीने कागद पुढे ओढून बसलो होतो. पण माझ्या दहा वर्षांच्या नातीने एक प्रश्न विचारला आणि माझा सगळा घाणाच बिघडला. तेव्हा यंदाची चकली जरा मऊ पडली असेल, तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

त्याचे झाले असे. सहामाही परीक्षा आटोपल्यापासून रोज रात्री जेवणे झाली की मी तिला ज्यूल व्हर्नची पाणबुडीची गोष्ट सांगतो. आमच्या पिढीला हा फ्रेंच गृहस्थ भा. रा. भागवतांनी मराठीत आणून भेटवला. त्या उपकाराची थोडी फेड नातवंडांपाशी करावी, एवढाच माझा हेतू. त्या रात्री आम्ही एका भयंकर प्रसंगापाशी आलो होतो. कॅप्टन नेमो आपल्या ‘नॉटिलस’ पाणबुडीची पोलादी सोंड एका लढाऊ जहाजाच्या पोटात घुसवतो. जहाज बुडते. डोलकाठ्यांना लोंबकळणारी माणसे एकामागून एक पाण्याखाली जातात, आणि नेमो काचेच्या खिडकीतून ते सारे शेवटपर्यंत पाहत राहतो. मग तो आपल्या खोलीत जातो. भिंतीवर एका तरुण स्त्रीची आणि दोन लहान मुलांची तसबीर असते. तिच्यापुढे तो हात पसरतो, गुडघे टेकतो आणि हुंदके देऊन रडू लागतो.

नात उठून बसली. म्हणाली, “आजोबा, पण हा माणूस दुष्ट आहे ना? मग तो रडतो कशाला?”

“उद्या सांगतो, झोप आता,” असे म्हणून मी दिवा मालवला. आजोबांना उत्तर ठाऊक नसले की ते नेहमीच दिवा मालवतात. ती झोपली. मी मात्र बराच वेळ जागा होतो.

व्हर्नची ही कादंबरी १८६९-७० साली एका फ्रेंच मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. पाणबुड्या तेव्हा प्रयोगाच्या पायरीवर होत्या. व्हर्नने मात्र सत्तर मीटर लांबीची, विजेवर चालणारी पाणबुडी कागदावर पाण्यात सोडली आणि तिची वीजही समुद्राच्या पाण्यातल्या सोडियमपासून काढून दाखवली. आत बारा हजार पुस्तकांचे ग्रंथालय, नामांकित चित्रकारांची चित्रे, वाजवायला ऑर्गन! जेवणातला प्रत्येक पदार्थ समुद्रातला, अंगावरचे कापड समुद्रातले, एवढेच काय, सिगारसुद्धा समुद्री वनस्पतीची. कारण जमिनीचा कणही घ्यायचा नाही, अशी मालकाची शपथ. आणि मालकाचे नाव ‘नेमो’, म्हणजे लॅटिन भाषेत ‘कोणी नाही’. स्वतःचे बारसे इतके निराशेने केलेला माणूस दुसरा सापडणे कठीण.

पुढे अद्भुतकथांतून जे सूडबुद्धीचे, एकलकोंडे, बुद्धिमान खलपुरुष आले, त्या सगळ्यांचा हा मूळपुरुष म्हटला तरी चालेल. पण त्यातले पुष्कळसे नुसतेच खदाखदा हसतात. नेमो रडतो. त्याचे वेगळेपण तिथे आहे.

बरे, माणूस निर्दय म्हणावा, तर तसेही नाही. सिंहलद्वीपाजवळ मोती काढायला बुडी मारलेल्या एका गरीब पाणबुड्यावर शार्क मासा झडप घालतो, तेव्हा हा नुसता सुरा घेऊन त्या माशाच्या अंगावर जातो. त्या गरिबाला शुद्धीवर आणतो आणि हातात मोत्यांची पिशवी देतो. व्हिगोच्या उपसागरात बुडालेल्या स्पॅनिश गलबतांतले सोने काढून तो क्रीट बेटावरच्या लढणाऱ्या लोकांकडे पोचवतो. एखादा सोबती गेला की त्याला समुद्रतळाशी प्रवाळांच्या रानात पुरतो. तिथे शार्क पोचत नाहीत, आणि माणसेही पोचत नाहीत, हे समाधान त्याला मोठे वाटते. त्याच्या भिंतीवर वॉशिंग्टन आहे, लिंकन आहे, गुलामांसाठी फासावर गेलेला जॉन ब्राऊन आहे. अशा तसबिरी लावणाऱ्या माणसाने बुडणाऱ्या खलाशांकडे डोळ्याची पापणी न लवता बघावे, हे कोडे मग सुटायचे कसे?

या कोड्याची चावी व्हर्नने पहिल्या कादंबरीत दिलीच नाही. तिचीही एक गोष्ट आहे. व्हर्नच्या मनातला नेमो मुळात पोलंडचा होता. पोलंडने १८६३ साली रशियाविरुद्ध उठाव केला आणि तो चिरडला गेला. त्या उठावात ज्याचे सर्वस्व गेले, असा एक पोलिश सरदार व्हर्नने योजला होता. पण त्याचे प्रकाशक हेत्झेल पडले व्यवहारी. रशियात व्हर्नची पुस्तके खपत, आणि रशियाला दुखवणे त्यांना परवडण्यासारखे नव्हते. झाले! नेमोचा देश पुसला गेला. लेखक आणि प्रकाशक यांच्या दरम्यान काय काय बुडते, हे आमच्यासारख्या लेखकूंना कुणी सांगायला नको.

पुढे १८७४-७५ साली ‘गूढ बेट’ ही कादंबरी आली आणि तिच्या शेवटी नेमोने तोंड उघडले. तो निघाला आपल्याकडचा! बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, राजपुत्र डक्कर. दहाव्या वर्षी बापाने त्याला शिकायला युरोपात धाडले. तिशीत परत आला. लग्न केले, दोन मुले झाली. १८५७ चा उठाव झाला तेव्हा तो लढला, जखमी झाला, त्याच्या डोक्यावर इनाम लागले. आईबाप गेले, बायको गेली, मुले गेली. मग वीस इमानी सोबती घेऊन तो समुद्रात उतरला तो उतरलाच.

डक्कर हे नाव बुंदेलखंडात कोण ठेवतो, आणि व्हर्न म्हणतो तसा हा टिपू सुलतानाचा भाचा कसा लागतो, असे प्रश्न आपण विचारू नयेत. फ्रान्समध्ये बसून लिहिणाऱ्याला आपल्या नात्यागोत्यांचा गुंता कसा उलगडावा? तो आपल्याला तरी कुठे उलगडतो! पण गाव त्याने नेमके निवडले. बुंदेलखंड म्हटले की मराठी माणसाला छत्रसाल आणि बाजीराव आठवतात, झाशीची राणी आठवते. दुःखाचा हा पत्ता आपल्या ओळखीचा आहे. गंमत अशी की, किंग्स्टन यांच्या नावावर निघालेल्या १८७५ च्या इंग्रजी भाषांतरात नेमोची ही कैफियत इंग्रजांना रुचेल अशी फिरवण्यात आली. ज्यांच्या देशबांधवाची ही गोष्ट, त्या हिंदी वाचकांच्या हाती ती वर्षानुवर्षे अशी फिरवलेली येत राहिली. पडद्यावरही १९५४ च्या डिस्ने चित्रपटात जेम्स मेसन हा इंग्रज नट नेमो झाला. २००३ साली एका हॉलिवुडपटात नसीरुद्दीन शाह नेमो झाला, तेव्हा कुठे राजपुत्राला आपल्या मुलखाचा चेहरा मिळाला.

पण मला खिळवून ठेवले ते त्या ‘गूढ बेटा’वरच्या म्हाताऱ्या नेमोने. सगळे सोबती एकेक करून गेलेले. हा एकटा, साठीत पोचलेला, ज्वालामुखीच्या पोटातल्या गुहेत पाणबुडी घेऊन राहिलेला. बेटावर पाच अमेरिकन माणसे बलूनमधून येऊन पडतात. हा त्यांना तोंड दाखवत नाही. पण त्यांच्या घरात एक खोल विहीर असते, तिच्यातून वर येऊन तो त्यांचे बोलणे गुपचूप ऐकतो. जगाशी कायमची फारकत घेतलेला हा माणूस अंधारात उभा राहून दुसऱ्यांच्या घरातल्या गप्पा ऐकतो आहे! त्या पोराला ताप भरतो तेव्हा कोयनेलची डबी कुणी तरी उशाशी आणून ठेवलेली असते. चाचे चालून येतात तेव्हा त्यांचे जहाज आपोआप फुटते. उपकार करायचे, पण दिसायचे नाही. प्रेम द्यायचे, पण घ्यायचे नाही. त्या विहिरीतल्या नेमोपुढे मला जहाज बुडवणारा नेमो कमी केविलवाणा वाटतो.

मरायच्या आधी तो त्या पाच जणांना बोलावतो, आपली हकीकत सांगतो आणि निवाडा मागतो. त्यांचा पुढारी इंजिनिअर स्मिथ सांगतो, की तुमची चूक एवढीच, की गेलेला काळ परत आणता येईल असे तुम्ही मानले आणि प्रगतीशी झगडलात. हा निवाडा मला मान्य नाही. स्वतःच्या देशासाठी लढणे ही चूक कशी? परक्यांच्या राज्याला प्रगती म्हणणे फार सोपे, विशेषतः राज्य दुसऱ्याचे गेलेले असले म्हणजे! नेमोने स्वतःचे निदान याहून अचूक केले आहे. एकट्याने जगता येईल असे मी समजलो, त्यापायी मी मरतो आहे, अशा अर्थाचे तो बोलतो. त्याची हार लढाईत झाली नाही. लढाईनंतर त्याने दार लावून घेतले, तिथे झाली.

इथे मला आपल्याकडचा दुसरा एक माणूस आठवतो. वरसईचे विष्णुभट गोडसे. पोटासाठी चार पैसे मिळवायला उत्तरेत गेलेला हा गरीब भिक्षुक १८५८ साली झाशीच्या वेढ्यात सापडला. राजपुत्र डक्कर कल्पनेतला. गोडसे भटजींनी मात्र ती कत्तल, ती जाळपोळ खरोखरच डोळ्यांनी पाहिली. मिळवलेले पैसे लुटीत गेले. शेवटी गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन ते चालत घरी आले. पुढे सारे लिहून ठेवले आणि १९०७ साली ते ‘माझा प्रवास’ म्हणून छापून निघाले. दोघांची तुलना सरळ नाही, हे मी जाणतो. भटजींचे आईबाप घरी वाट पाहत होते. नेमोला घरच उरले नव्हते. पण बुंदेलखंडातल्या त्याच आगीतून एकाने सूड उचलला आणि एकाने कावड उचलली. कावडीचे एक बरे असते. ती कुणाच्या तरी दारात नेऊन उतरवावी लागते. सूड उतरवायला दार नसते.

इथपर्यंत लिहून झाले तेव्हा मी नातीला उत्तर द्यायला मोकळा झालो, असे मला वाटले. दुसऱ्या दिवशी मी तिला सांगितले, “तो दुष्ट नव्हता गं. त्याला फार दुखले होते, आणि ते त्याने कुणालाच सांगितले नाही.” तिने क्षणभर विचार केला आणि विचारले, “म्हणजे तुम्ही आणि काकाआजोबा बोलत नाही, तसं?”

मुलांना घरातले काही कळत नाही, असे समजून आपण वागतो. वस्तुस्थिती अशी आहे, की अकरा वर्षांपूर्वी वडिलांच्या घराची विक्री झाली तेव्हा माझ्या धाकट्या भावाने चार माणसांत माझ्या हिशेबाच्या वहीवर बोट ठेवले. हिशेब चोख होता. तो चोख होता, हे सिद्ध करायला ती दोनशे पानी वही मी अजून कपाटात जपून ठेवली आहे. कुठे नेमोचे राज्य, बायको, मुले, आणि कुठे माझी वही! पण तसबीर लहान असो की मोठी, तिच्यापुढे रोज गुडघे टेकले की माणूस सारखाच एकटा पडतो. आमच्या अक्काचे घर आमची विहीर झाले आहे. त्याची सून कशी आहे, त्याचा गुडघा दुखतो का, हे मी तिच्याकडून काढून घेतो. विचारले असे मात्र दाखवत नाही. आणि भाऊबीजेला ती बिचारी दोन पाळ्यांत ओवाळते. सकाळी मला, संध्याकाळी त्याला. दोघे समोरासमोर येऊ नयेत म्हणून दुपारभर तिचा जीव टांगणीला लागलेला असतो. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे ती.

काल तिला फोन केला. म्हटले, “अक्का, यंदा सकाळीच येतो.”

“ये की. दर वर्षी सकाळीच येतोस.”

“हो. पण यंदा संध्याकाळपर्यंत थांबेन म्हणतो.”

पलीकडून बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग ती म्हणाली, “त्याला कडबोळी आवडतात. घरात केली असतील तर डब्यात घालून आण.”

कडबोळी केली आहेत. तो बोलेल की नाही, मला ठाऊक नाही. वही मात्र मी बरोबर नेणार नाही.