लेझर मशीन धूळ खात पडलेय? ब्रँड नको, आधी बोर्ड बघा

त्रिकोण, वर्तुळ आणि रेषा. वारली चित्राचा पाया एवढाच आणि लेझर मशीनलाही नेमक्या रेषाच लागतात. त्यामुळे जव्हार, मोखाड्यातल्या बचत गटांसाठी छोटे लेझर मशीन कामाचे आहे. बांबूचा ट्रे, लाकडी किचेन, घराच्या नावाची पाटी असे बरेच काही त्यावर कोरता येते. भातकापणी झाली की इथली अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांच्या वाटेला लागतात. अशा ठिकाणी गावातच मिळणारे काम मोलाचे असते.

अडचण येते ती मशीन घेतल्यावर. सोबतची सीडी नव्या लॅपटॉपवर चालत नाही, सॉफ्टवेअरचे अपडेट थांबलेले असतात, विक्रेता फोन उचलत नाही. मग मशीन 'बिघडले' म्हणून कोपऱ्यात जाते. प्रत्यक्षात अनेकदा बिघडलेले काहीच नसते.

असे का होते?

डिझाइनचे सॉफ्टवेअर थेट लेझरशी बोलत नाही. मधे कंट्रोलर बोर्ड असतो. त्याला समजेल अशा भाषेत आज्ञा गेली, तरच मशीन हलते. बाहेर कोणत्याही कंपनीचे नाव असो, आतले बोर्ड बहुतेक वेळा ठरावीक प्रकारांतलेच असतात. म्हणून वीजजोडणी काढून झाकण उघडावे, बोर्डवरचे नाव वाचावे आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

कोणत्या बोर्डला काय चालते?

• जीआरबीएल: स्वस्त डायोड मशीनमध्ये बहुधा हेच असते. विंडोजवर 'लेझरजीआरबीएल' मोफत आहे. मशीन जोडूनही लॅपटॉपला दिसत नसेल, तर सीएच३४० चिपचा ड्रायव्हर टाकून बघावा.

• एम२ नॅनो: 'के४०' नावाने ओळखल्या जाणाऱ्या छोट्या सीओ२ मशीनमध्ये हा बोर्ड आढळतो. मूळ सॉफ्टवेअरला यूएसबी चावी लागते; ती हरवली की काम थांबते. 'के४० व्हिस्परर' आणि 'मीरकॅट' ही मोफत सॉफ्टवेअर त्या चावीशिवाय चालतात.

• रुइडा: मोठ्या सीओ२ मशीनमध्ये असतो. त्यासाठी 'आरडीवर्क्स' किंवा विकतचे 'लाइटबर्न' वापरतात. लाइटबर्न घेण्याआधी ३० दिवस मोफत वापरून बघता येते.

चित्र काढायला 'इंकस्केप' मोफत आहे. फाइल एसव्हीजी प्रकारात ठेवली, तर उद्या मशीन बदलले तरी डिझाइन वाया जात नाही. एकदा उतरवून घेतले की ते इंटरनेटशिवाय चालते. रेंज नसलेल्या पाड्यावर ही मोठीच सोय.

नवे सॉफ्टवेअर लावल्यावर पहिली चाचणी कमी पॉवरवर आणि टाकाऊ तुकड्यावर घ्यावी. त्या लेझरसाठीचाच चष्मा वापरावा. पीव्हीसी कधीही जाळू नये. त्यातून क्लोरीनयुक्त विषारी वायू निघतो.

मग प्रश्न सुटला?

पूर्ण नाही. मोफत सॉफ्टवेअरचीही किंमत असते. ती म्हणजे शिकायला लागणारा वेळ. पैसे मोजले म्हणून कायमची हमी मिळते, असेही नाही. लाइटबर्नने २०२४ मध्ये लिनक्ससाठीच्या नव्या आवृत्त्या थांबवत असल्याचे जाहीर केले.

म्हणूनच खरा उपाय खरेदीच्या वेळीच करायला हवा. केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले. त्यात शेती अवजारे, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने अशी चार क्षेत्रे घेतली. बचत गटाचे लेझर मशीन यांपैकी कशातच नीट बसत नाही. तोपर्यंत ही जबाबदारी सरकारी योजनेतून किंवा सीएसआर निधीतून मशीन देणाऱ्यांनी घ्यावी. निविदेत तीन अटी पुरेशा आहेत: कंट्रोलरचे नाव लिहून द्यावे, किमान एका मोफत सॉफ्टवेअरवर मशीन चालवून दाखवावे आणि गटातल्या दोघींना तरी ते शिकवावे.

महाराष्ट्राला हे अवघड नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ मध्येच फॅब लॅब उभी राहिली. अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी ती एक. गावातली मुले अशी यंत्रे शिकून चालवू शकतात, हे तिथे दिसले आहे. जव्हार, मोखाड्यात मशीन पोहोचवताना त्याचे सॉफ्टवेअर आणि शिकवणारा माणूसही सोबत पोहोचायला हवा. नाहीतर उद्घाटनाचा फोटो तेवढा राहील आणि कुटुंबे पुन्हा वीटभट्टीवर जातील.