गटात कोणाला बसवायचे?

गटचर्चांवर आधारलेले अहवाल पाहिले की एक गोष्ट हटकून आढळते. प्रश्नांची यादी परिशिष्टात सविस्तर छापलेली असते. पण या आठ जणांना एकत्र का बसवले, याला उत्तर म्हणून एकच वाक्य येते, 'सर्व समाजघटकांना प्रतिनिधित्व दिले'. आमच्या मते चर्चेतून काय निघणार हे बरेचसे त्या एका वाक्यात ठरून गेलेले असते. वसई-विरारमध्ये तर हा सर्वसमावेशकपणा सरळ अंगाशी येतो. २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावे मिळून येथे महापालिका झाली, २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांवर गेली, आणि २९ गावे वगळण्याचा वाद त्यानंतरही वर्षानुवर्षे चालला. नकाशावर शहर एक असले तरी त्यात राहणाऱ्यांचे अनुभव एक नाहीत.

पाण्याचाच विषय घ्या. पश्चिमेकडच्या वाडीवाल्याला पाणी म्हटले की बावखल, म्हणजे वाडीतले तळे, आणि विहीर आठवते, आणि टँकरसाठी उपसा वाढला की विहीर खारी होईल ही धास्ती. नालासोपारा पूर्वेच्या चाळीत मात्र पाणी म्हणजे नळाची वेळ, आणि ती चुकली तर तोच टँकर. या दोघांना एका सतरंजीवर बसवले तर एक जण आरोप करील, दुसरा बचाव करील, आणि आपल्या नोंदवहीत 'पाण्याबाबत मतभिन्नता आढळली' एवढेच उतरेल. ते तर चर्चा न घेताही ठाऊक होते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन आणि पॅट्रिशिया केंडल यांनी १९४६ मध्ये या पद्धतीचे मूळ असलेल्या केंद्रित मुलाखतीची मांडणी केली, तेव्हा त्यांची पहिलीच अट अशी होती की मुलाखत देणारे सर्व जण एकाच विशिष्ट प्रसंगातून गेलेले असावेत. सगळ्यांनी तोच चित्रपट पाहिलेला असावा किंवा तोच रेडिओ कार्यक्रम ऐकलेला असावा. आपण ती अट सोडली आणि जात, धर्म, प्रभाग यांचे कोष्टक भरत बसलो.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: सारख्या माणसांचा गट केला तर एकमेकांच्या माना डोलावण्यापलीकडे काय होणार? आक्षेप वजनदार आहे, पण त्यात अनुभवाचे साम्य आणि मताचे साम्य यांची गल्लत होते. अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातल्या मासळी विकणाऱ्या बायका एकाच बाजारात बसतात म्हणून एकाच मताच्या नसतात. उलट एकीने भाव सांगितला की दुसरी तिथल्या तिथे तो खोडून काढते. जेनी किट्झिंगर यांनी १९९४ मध्ये ज्याकडे लक्ष वेधले ती हीच सहभागींची आपसातली देवाणघेवाण, आणि तीच नसेल तर गट कशाला, स्वतंत्र मुलाखती घ्याव्यात. टाळायची आहे ती अधिकाराची विषमता. बोटमालक समोर असताना खलाशी मजुरीवर बोलणार नाही. महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. कायद्याला जे उमगले ते संशोधकाला उमगायला हरकत नसावी.

दुसरी अडचण पैशांची. असे गट वेगळे करत गेलो तर संख्या वाढते, आणि निधी देणारे चार-सहा चर्चांच्या पुढे जात नाहीत. येथे ग्रेग गेस्ट आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा अभ्यास पुढे केला जातो: चाळीस गटांमधले सुमारे ८० टक्के मुद्दे पहिल्या दोन-तीन गटांतच सापडले होते. पण ते सारे गट एकाच प्रकारच्या लोकांचे होते, हे उद्धृत करणारे सोयीने विसरतात. दोन-तीन हा आकडा प्रत्येक थरामागे, म्हणजे सारख्या अनुभवाच्या प्रत्येक वर्गामागे धरायचा, अख्ख्या शहरामागे नव्हे. पैसे कमी असतील तर थर कमी करावेत, आणि कोणते सोडले ते अहवालात स्पष्ट लिहावे.

थर ठरले तरी वेळेचा प्रश्न उरतोच. दुपारी तीनची चर्चा ठेवली की सकाळच्या लोकलने मुंबईला गेलेले सगळे आपोआप वगळले जातात. त्यांच्यासाठी रविवारच हवा. कोळीवाड्यात जून-जुलैची मासेमारी बंदी सोयीची. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, म्हणजे जानेवारीत पाड्यावर घेतलेल्या चर्चेत बहुधा मागे राहिलेले म्हातारेच भेटतात. प्रस्तावात गटांच्या संख्येचा रकाना असतो. त्याला लागून वार, वेळ आणि जागेचा रकाना कोणी मागितला नाही तरी आपणच घालावा.